गिव्ह

औषधाच्या दुकानदाराने गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली आणि त्याच वेळी शरयूला त्याच्या डोक्यामागे भिंतीवर तो शब्द दिसला. रक्तदानाचं पोस्टर होतं. मोठा लाल थेंब, थेंबाखाली हसणारी एक मुलगी आणि सगळ्यात वर चार ठळक इंग्रजी अक्षरं. शरयूचं इंग्रजी दुकानांच्या पाट्या आणि औषधांची नावं यांच्यापलीकडे कधी गेलं नव्हतं, पण अक्षरं तिला लावता येत होती. जी. आय. व्ही. ई. तिने ती मनात एकापुढे एक ठेवली, ओठ हलवून उच्चार करून पाहिला. घरातलं माणूस काही न सांगता बाजारात समोर यावं तसं तिला झालं. दिवाळीनंतरपासून हा शब्द तिच्या घरात राहत होता. जेवताना, देवापाशी दिवा लावताना, दुपारी जरा पाठ टेकताना तो तिच्या कानावर आदळत होता, आणि तो लिहिलेला कसा दिसतो हे तिला आज कळत होतं, चैत्राच्या उन्हात नेपियर टाउनमधल्या या दुकानात उभं राहून. किती साधा दिसत होता. एवढ्याशा याने आपल्या नाकी नऊ आणले होय, असं तिला वाटलं.

"माताजी, एक पत्ता दूँ कि दो?" दुकानदाराने विचारलं. "डॉक्टर साहब ने तो महीने भर की लिखी है."

"अभी रहने दो भैया. मैं आती हूँ थोड़ी देर में."

"यहीं रखी है, ले जाइएगा. बाबूजी को नींद अच्छी आएगी."

झोप चांगली येईल, हे डॉक्टरही म्हणाले होते. ते शांत होतील, आरडाओरडा थांबेल, दिवसाचा बराच वेळ पडून राहतील. आणि बोलणं? शरयूने विचारलं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला होता. "बोलणं तसंही कुठे आहे, आई? एक शब्द आहे. तोही कदाचित राहणार नाही." एक शब्द आहे. जणू फाटक्या पिशवीत राहिलेलं एक चिल्लर नाणं, असलं काय आणि नसलं काय. शरयू दुकानाच्या पायरीवर उन्हात आली आणि पदर डोक्यावर ओढून उभी राहिली. ऑटोवाले हाका मारत होते, कोचिंगची पोरं स्कूटरींना टेकून गप्पा ठोकत होती. दुकानाच्या बाजूने वर जाणारा अरुंद जिना होता. त्या जिन्याच्या वर, दोन खोल्यांत, श्यामसुंदर पोतनीसांनी जवळजवळ चाळीस वर्षं जबलपूरच्या पोरांना इंग्रजी शिकवलं होतं. कोर्टातले बाबू, गन कॅरेज फॅक्टरीतले फिटर, सराफ्यातल्या सोनारांची मुलं, सिहोऱ्याहून बसने येणारे शेतकऱ्यांचे पोरगे, सगळे या जिन्याने चढले होते. नवऱ्याच्या कारभाराचा एवढा मोठा जिना, आणि बायकोला त्याच्या फक्त खालच्या चार-पाच पायऱ्या माहीत होत्या. डबा घेऊन ती तिथपर्यंत यायची. तिथून कोणीतरी पोरगा डबा वर न्यायचा.

लग्न होऊन ती आर्वीहून आली तेव्हा असं नव्हतं. तेव्हा तिला इंग्रजी शिकायचं होतं. मॅट्रिकला ती इंग्रजीतच गचकली होती, आणि नवरा मिळाला तो नेमका इंग्रजीचा मास्तर, तेव्हा मैत्रिणींनी तिला चिडवून बेजार केलं होतं. श्यामसुंदररावांनीही हौसेने सुरुवात केली. राइट टाउनमधल्या भाड्याच्या घरात, संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या दारात पाटावर ती आणि समोर खुर्चीवर ते. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवसापासून ते तोंडातून शब्द काढायचे आणि हसत सुटायचे. काय झालं म्हणून विचारलं तर डोळे पुसत म्हणाले, "तू समोर बसलीस ना, की मला हसू येतं. मास्तरकी होतच नाही. तू अशी डोळे मोठे करून पाहतेस की मला वाटते, मी काहून हे गाढवपण करून राहिलो." ती पण हसली. शिकवणं तिथेच राहिलं. पुढे एकदा ती म्हणाली, मी क्लासात मागे बसू का, शेवटच्या बाकावर, कोणाला कळणार नाही. तर ते एकदम गंभीर झाले. "नको. जिथे मी मास्तर आहे तिथे तू नको येऊ. माझी मास्तरकी जाईल." हे वाक्य शरयूने आयुष्यभर जवळ बाळगलं. सुखाच्या दिवसांत ते तिला लाडाचं वाटायचं. रागाच्या दिवसांत त्याच वाक्याने तिला अंगभर चटका बसायचा, की आपण अडाणी, आपली लाज वाटते, म्हणून जिन्याखाली. दोन्ही तिला खरं वाटायचं, आणि विचारायचं कधी जमलं नाही. त्यानंतर त्यांनी घरात तिच्याशी एक इंग्रजी शब्द उच्चारला नाही. 'टाइम' म्हणायचे नाहीत, 'वेळ' म्हणायचे. बाकीचं जबलपूर अर्धं हिंदी, पाव इंग्रजी बोलायचं, पण पोतनीसांच्या घरात बायकोपाशी शुद्ध मराठी. लोक म्हणायचे, बघा, मास्तर असून केवढा मातृभाषेचा अभिमान. शरयू मनात म्हणायची, अभिमान नाही हो, कुंपण आहे ते.

आणि मग दिवाळीनंतर एका सकाळी आंघोळीला जाता जाता ते भिंतीला धरून खाली बसले. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वाचा पूर्ण गेलेली होती. मराठी गेली, हिंदी गेली, ज्या भाषेवर घर चाललं तीही गेली. मुलगा अनिमेष हैदराबादहून आला, पंधरा-वीस दिवस राहिला, बाबांच्या डोळ्यांसमोर उभा राहून "मी अनिमेष, बाबा, अनिमेष" म्हणत राहिला. ते पाहायचे आणि नजर खिडकीकडे वळवायचे. शरयूने स्वतःचं नाव कधी सांगून पाहिलं नाही. तिला भीती वाटायची. नवऱ्यासमोर बसून 'मी शरयू' असं सांगावं लागणं आणि त्याने खिडकीकडे पाहणं, यातलं दुसरं तिला सोसलं नसतं. आणि एका सकाळी ती त्यांची उशी सारखी करत असताना ते तिच्या चेहऱ्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, "गिव्ह." तिच्या हातातली उशीच खाली पडली. शब्द आला! पहिला शब्द, आणि तो तिच्याकडे बघून. तिने शेजारीपाजारी खोव्याची जिलबी वाटली. अनिमेषला फोनवर रडत सांगितलं, बाबा बोलले, 'दे' म्हणाले, मला म्हणाले. त्या दिवशी तिच्याइतकी सुखी बाई जबलपुरात नसेल.

पण काय दे? तिथून जे सुरू झालं ते अजून सुरू होतं. तिने पाणी दिलं, चहा दिला, चष्मा दिला. ते वस्तूकडे पाहायचे, तिच्याकडे पाहायचे, भुवया वर करून थांबायचे. कशाची तरी वाट पाहत थांबायचे. मग चेहरा हळूहळू पडायचा, आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "गिव्ह." दिवसभर देखभालीला येणारी नंदा हुशार होती, तिने डोकं लावून रेडिओ आणला, पेपर आणला, मोसंबी सोलून आणली. शरयूने कपाटातून घड्याळ काढलं, सासूबाईंचा फोटो काढला, बँकेचं पासबुकसुद्धा समोर धरलं आणि स्वतःचीच लाज वाटून परत ठेवलं. एकदा तिने खडूंची पेटी दिली. त्यांनी डाव्या हाताने एक खडू उचलला, बराच वेळ निरखला, चादरीवर ठेवला आणि म्हणाले, "गिव्ह." मग त्यांचा डावा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायला लागायचा. मनगट सुजलं. जेवण भरवलं तर तोंड फिरवायचे, मागितलेलं मिळालं नाही तर दुसरं कशाला खायचं, असं. अंग पार झडलं. परवा अनिमेषचा फोन आला तेव्हा मागून तेच ऐकू येत होतं.

"आई, ये ऐसे कब तक?" तो म्हणाला. "तू पण बिमार पडशील. गोळी सुरू कर ना. काहून थांबून राहिली?"

"ते काहीतरी मागून राहिले रे. ते एकदा समजू दे."

"आई, डॉक्टरनी सांगितलं ना, त्या शब्दाला मीनिंग नाही आहे. रेकॉर्ड अटकल्यासारखा आहे तो. तू समजून नाही राहिली."

समजत तर होतं. पण चाळीस वर्षांत या माणसाने तिच्यापाशी काही मागितलं नव्हतं. त्याला लागायच्या आधी सगळं समोर ठेवायची तिला सवय होती आणि ते घ्यायची त्याला. आता पहिल्यांदा तो मागत होता, आणि तिला नेमकं तेच देता येत नव्हतं. गोळी द्यायची म्हणजे काय करायचं? मागणाऱ्याचं तोंड बंद करायचं. उद्यापासून तो मागणार नाही आणि आपल्याला कधीच कळणार नाही की काय हवं होतं. आणि आतली, खरी गोष्ट तिने अनिमेषलाच काय, देवालाही सांगितली नव्हती. तिला वाटायचं, त्या मागण्यात आपण आहोत. सगळ्या भाषा वाहून गेल्या, मुलगा वाहून गेला, आणि तळाशी जे एवढंसं राहिलं ते तिच्याकडे बघून निघतं, तर त्यात कुठेतरी ती असलीच पाहिजे. म्हणून आज डॉक्टरांचा कागद घेऊन ती दुकानापर्यंत आली होती आणि पोस्टर पाहून परत फिरली होती. हा शब्द कुठे राहतो ते तर तिला माहीत होतं. तिने चौथ्या-पाचव्या पायरीवर, जिथे डबा द्यायची तिथे, क्षणभर पाय थांबवला, आणि मग ती वर चढली.

वरच्या खोलीत कुलकर्ण्यांची अवंतिका पंख्याखाली वही तपासत बसली होती. सरांची जुनी विद्यार्थिनी. सर पडल्यावर अनिमेषने बाकं, फळा, सगळं तिच्या हवाली केलं होतं, क्लास बंद पडायला नको म्हणून. ती घरी एकदाच येऊन गेली होती, सुरुवातीला, सर अगदी मुके होते तेव्हा. शरयूला दारात पाहून ती ताडकन उठली.

"काकू! तुम्ही? अहो, मला बोलावून घ्यायचं ना. सर कसे आहेत?"

"आहेत. तुला एक विचारायचं होतं." शरयू जवळच्या बाकावर बसली. तो शेवटचाच बाक होता हे तिच्या बसल्यावर लक्षात आलं. "गिव्ह म्हणजे काय गं?"

अवंतिका हसली, मग तिने शरयूचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं. शरयूने सगळं सांगितलं. साध्या आवाजात, गॅस संपला हे सांगावं तसं. हाच एक शब्द म्हणतात. आम्ही सगळं दिलं. आता काय द्यायचं?

"काकू, तो 'देणं' तर आहेच. पण तेवढाच नाही. सर म्हणायचे, गिव्ह बिचारा गरीब शब्द आहे, ज्याच्या बाजूला उभा राहील त्याच्यासारखा होऊन जातो." तिने खडू उचलला, पण लिहिलं नाही. "त्याला 'अप' लागला की अर्थ होतो सोडून देणं, नाद सोडणं. 'इन' लागला की हार मानणं. 'वे' लागला तर वाट करून देणं. ते चौकात बोर्ड असतात ना, तसं. 'अवे' म्हणजे देऊन टाकणं, मुलीचं कन्यादान करतात ना, त्यालाही तेच. आणि 'बॅक' म्हणजे परत देणं."

शरयू एकेक अर्थ घेत होती आणि घरी पलंगावर पडलेल्या माणसावर बेतून पाहत होती. सोडून दे. सोडून दे म्हणत असतील का? आता पुरे, माझा नाद सोड, मला जाऊ दे? नाही, तसं म्हणणारा माणूस भुवया वर करून वाट पाहत नाही. हार मान? ती तर तिने केव्हाच मानली होती. अनिमेषला इंग्रजी शाळेत घालायचं की मराठी, गावातलं आर्वीचं शेत विकायचं की ठेवायचं, प्रत्येक वेळी तिनेच हार मानली, आणि मानली हे त्यांना कळूही दिलं नाही. वाट दे. वाट तर ती नेहमी देत आली होती, इतकी की स्वतःची कुठली ते आठवू नये. बाहेरून सुखाचा दिसलेला हा संसार या परक्या शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांत असा नीट बसतोय हे पाहून तिला हसावं की रडावं कळेना. अवंतिका वाक्यं करून सांगत होती, रामकृष्णने सिगारेट सोडली, प्रतिमाने पुस्तक परत दिलं, आणि त्या परत देण्याशी शरयू थांबली.

"परत दे," ती म्हणाली. "तेच असेल. आम्ही त्यांना न विचारता हे सगळं तुला देऊन टाकलं ना. ते परत मागून राहिले असतील."

अवंतिकाचे डोळे भरून आले. "घेऊन जा ना काकू. काय नेता? सगळं सरांचंच आहे. चलो, फळाही उतरवते मी."

"फळा काय करू मी?" शरयूने आजूबाजूला पाहिलं. फळ्याखालच्या पट्टीवर डस्टर पडलं होतं. वांगी रंगाचं, कडा विरलेलं. ते तिने लगेच ओळखलं. दरवर्षी जूनमध्ये ती जुन्या लुगड्याच्या चार घड्या घालून, आत कापूस भरून, जाड दोऱ्याने डस्टर शिवून द्यायची. बाजारचं डस्टर सरांना चालायचं नाही, खडूची धूळ उडते म्हणायचे. हे तिच्या हळदीकुंकवाच्या वांगी लुगड्याचं होतं, अनिमेषच्या मुंजीत नेसलेलं. चाळीस वर्षांत ती या खोलीत आली नव्हती, पण तिची सगळी लुगडी इथे येऊन गेली होती, आणि सरांनी लिहिलेलं सगळं इंग्रजी त्या लुगड्यांनीच पुसलं होतं. "हे नेते," ती म्हणाली.

खालून पोरं चढायला लागली होती, पुढची बॅच. अवंतिका तिला दारापर्यंत सोडायला आली, तिचा पदर धरून म्हणाली, "मी रविवारी येते, पक्का." शरयू डस्टर छातीशी धरून जिना उतरायला लागली. पोरं बाजूला होऊन वाट देत होती, "नमस्ते आंटी" म्हणत होती. तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटत होतं. मिळालं. आता जाऊन हातात द्यायचं. वर बाकं सरकल्याचा आवाज झाला, मग गडबड शांत झाली, आणि अवंतिकाचा आवाज आला. नवी बॅच असावी. ती हिंदीत सांगत होती की आपल्या सरांची पद्धत अशी, पहिल्या दिवशी पहिला शब्द हाच, कारण सर म्हणायचे आधी द्यायला शिका. मी पहिलं रूप म्हणेन, तुम्ही पुढची दोन म्हणायची, सगळ्यांनी मिळून, आणि जोपर्यंत सगळे म्हणत नाहीत तोपर्यंत मी पुढे जाणार नाही. आणि मग ती म्हणाली, "गिव्ह?"

शरयूचा पाय पायरीवरच थिजला. तोच होता. नुसता शब्द नाही, सगळंच. ती 'गि'वरची किंचित ओढ, शेवटी वर उचललेला आवाज, आणि मग ते थांबणं. भुवया न दिसताही तिला वर गेलेल्या दिसल्या. पलंगावरून महिनोन् महिने येणारं ते थांबणं. आणि त्या थांबण्यात वरून तीस-चाळीस पोरांचा आवाज एकदम कोसळला, "गेव्ह! गिव्हन!" अवंतिका म्हणाली, "शाब्बास," आणि पुढचा कुठलातरी शब्द घेतला. तो शरयूला ऐकू आला नाही. खाली ऑटो हॉर्न वाजवत होते आणि तिचे कान भरून आले होते. ते काही मागत नव्हते. पाणी नाही, चष्मा नाही, खडू नाही, परत नाही, काहीच नाही. ते क्लास घेत होते. पहिल्या दिवसाचा पहिला शब्द म्हणून दिवाळीपासून वर्गाच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि वर्ग मोसंबी सोलून देत होता. कोणी उत्तर दिलं नाही म्हणून पुढे गेले नव्हते. मास्तर शिस्तीचा. त्यांना वाटलं असेल, ही कुठली दगड पोरं आलीत या वर्षी.

ती त्या पायरीवर बसली. खालून चौथी-पाचवी, डब्याची. आता पोरंसोरं कोणी नव्हतं म्हणून बरं, कारण तिला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही. उत्तर सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता. पण तिचं जे होतं ते हातचं गेलं होतं. तळाशी राहिलेल्या त्या एका शब्दात ती नव्हती. तिच्याकडे बघून तो निघत होता एवढंच, कारण उशी सारखी करायला समोर तीच असायची. नंदाकडे बघूनही निघाला असता. बायको, मुलगा, आर्वी, राइट टाउन, स्वयंपाकघराच्या दारातला पाट, ते हसू, हे सगळं गेलं आणि नेमकी तीच खोली शिल्लक राहिली जिच्यात तिला मज्जाव होता. इतकी वर्षं ज्या वाक्याचा तिने लाड आणि राग केला ते वाक्य आता असं खरं झालं होतं. जिथे मी मास्तर आहे तिथे तू नको येऊ. आता ते सगळा वेळ तिथेच होते. मग मी कुठे जाऊ, तिने जिन्याला विचारलं. घरी बसून गोळी देऊ? ते झोपतील, मास्तरही झोपेल, मग सगळंच शांत. बराच वेळ ती डस्टरच्या विरलेल्या कडेवरून अंगठा फिरवत बसली. दुकानदार बाहेर डोकावून म्हणाला, "माताजी, तबीयत ठीक है? वो गोली?" ती उठली. "नहीं चाहिए भैया," ती म्हणाली आणि ऑटोला हात केला.

वाटेभर ती ते दोन शब्द घोकत होती. गेव्ह, गिव्हन. गेव्ह, गिव्हन. ऑटोवाल्याला वाटलं, काही जप चाललाय, त्याने गाणं बारीक केलं. पहिला सोपा होता. दुसरा जिभेवर अडखळत होता, 'गिव्हण' होत होता, आर्वीची जीभ. मॅट्रिकच्या परीक्षेला जातानाची धास्ती आता पुन्हा आली, आणि या वयात ती येतेय याचं तिला हसू आलं. घरासमोर उतरली तेव्हा रस्त्यावरच तो आवाज ऐकू आला, आणि कठड्यावर हात आपटल्याचा. दारात नंदा घामाघूम. "माताजी, आज तो दोपहर का भी नहीं खाया. कब से चिल्ला रहे हैं. दवाई लाईं?"

"नाही आणली," शरयू म्हणाली, आणि मग हिंदीत, "रुको थोड़ा."

तिने चपला काढल्या, पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. पदर नीट केला. खोलीत गेली ती रोजच्यासारखी उशीशी नाही, पलंगाच्या पायथ्याशी, समोर जाऊन उभी राहिली. श्यामसुंदरराव तक्क्याला टेकून बसले होते, घाम आलेला, डाव्या मनगटावर सूज. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. भुवया वर गेल्या.

"गिव्ह?"

"गेव्ह," शरयू म्हणाली. तिने घसा साफ केला. "गेव्ह, गिव्हन."

हात कठड्यावर आपटायला उचललेला होता, तो तसाच हवेत थांबला. दाराशी नंदाही थांबली. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सुटत गेलं, कपाळ सैल झालं, जबडा सैल झाला, दिवाळीपासून आवळून धरलेलं सगळं. त्यांनी सावकाश मान हलवली. बरोबर. शरयू त्यांच्या ओठांकडे पाहत होती. तू समोर बसलीस की मला हसू येतं. ती डोळे मोठे करून पाहत होती, मुद्दाम, पहिल्यासारखे. आता यावं. थोडंसं यावं, ओठांच्या कोपऱ्यात यावं. नाही आलं. ते तिच्याकडे नव्या बॅचच्या मुलीकडे पाहावं तसे पाहत होते, नाव अजून माहीत नाही, पण उत्तर दिलं, हुशार दिसते. मास्तरकी शाबूत होती. त्यांनी घातलेलं कुंपण ओलांडून ती आत आली होती आणि मास्तरकी जराही हलली नव्हती. ते दुःख तिच्या छातीत उभं राहिलं आणि तिने त्याला राहू दिलं.

मग त्यांचा डावा हात चादरीवर काहीतरी चाचपायला लागला. शरयूने पुढे होऊन डस्टर त्या हातात दिलं. बोटांनी ते लगेच ओळखलं, नीट मधोमध धरलं. गुडघ्यांवरच्या चादरीवर त्यांनी ते एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे फिरवलं, सगळं स्वच्छ पुसलं गेलं की नाही ते पाहिलं, आणि तिच्या वांगी लुगड्याची ती घडी बाजूला ठेवून मान वर केली.

"टेक?"

"माताजी!" नंदा ओरडली. "नया बोले! बाबूजी नया बोले!"

ओढ तीच होती, थांबणंही तेच. भुवया वर, आणि वाट पाहणारे डोळे तिच्यावर. शरयूला एकच शब्द शिकून येता आला होता. पुढचा तिला येत नव्हता. तिने दोन्ही हात समोर बांधले आणि मान जरा खाली घातली. या माणसाला तिने जन्मभर 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"हे नाही आलं," ती म्हणाली. "उद्या पाठ करून येते, सर."

ते ओरडले नाहीत, कठडा वाजवला नाही. डावा तळवा पालथा करून त्यांनी तो हवेत दोनदा खाली दाबला, बस. शरयूने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ती त्यांच्यासमोर बसली.